आधी मोजमाप, मग इंजिन

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून बोलताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी देशातील तरुण शास्त्रज्ञांना आणि अभियंत्यांना एक आवाहन केले. आपल्या लढाऊ विमानांसाठी जेट इंजिनही आपलेच असावे, हे त्या आवाहनाचे सार. पुढच्याच आठवड्यात संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी फ्रान्समधील सॅफ्रान कंपनीच्या साहाय्याने भारतातच इंजिन घडविण्याच्या दिशेने पावले पडत असल्याचे सांगितले. त्यानंतर चर्चेला उधाण आले. किती हजार कोटी लागणार, तंत्रज्ञानाचे हस्तांतरण किती टक्के होणार, टर्बाइनची पाती एकस्फटिकी धातूची असणार की नाही, बौद्धिक संपदेची मालकी कोणाकडे राहणार, असे प्रश्न विचारले गेले. हे सर्व प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण या गदारोळात एक साधा प्रश्न फारसा ऐकू आला नाही. हे इंजिन तयार झाल्यावर ते मोजणार कोण, कोठे आणि कशाने?

प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु ज्याच्या हाती तराजू त्याच्या हाती व्यवहार, हे आपल्याकडे बाजारहाट करणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. जेट इंजिनाच्या बाबतीत हा तराजू म्हणजे चाचणीकक्ष आणि त्यात बसविलेली शेकडो मापनयंत्रे व संवेदक. भारताच्या इंजिन-प्रयत्नांचा गेल्या सहा दशकांचा इतिहास पाहिला, तर इंजिन बनविण्याच्या कौशल्याइतकीच त्याचे मोजमाप करण्याच्या साधनांची उणीव आपल्याला भोवली आहे, असे दिसून येते.

मुक्या यंत्राला बोलते करणारी साधने

इंजिन सुरू झाले आणि मागून ज्वाला निघाली, की सामान्य माणसाला ते 'चालले' असे वाटते. अभियंत्याचे काम तेथून सुरू होते. इंजिन एका जाडजूड भिंतींच्या कक्षात लोखंडी चौकटीवर बसविलेले असते. ही चौकट जमिनीला घट्ट आवळलेली नसते. ती पातळ, लवचीक पट्ट्यांवर अशी तोललेली असते, की इंजिन पुढे रेटू लागले की तीही केसभर पुढे सरकते आणि समोरच्या भारमापकावर दाब देते. त्या दाबावरून इंजिनाचा रेटा, म्हणजे अभियंत्यांच्या भाषेत थ्रस्ट, कळतो. तो किलोन्यूटनमध्ये मोजतात. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलो वजनाचा भार.

वरवर पाहता हा वजनकाट्याचाच प्रकार. पण त्यातही खाचाखोचा आहेत. इंजिनाला जोडलेल्या इंधनाच्या नळ्या आणि तारांचे जुडगे चौकटीला किंचित मागे ओढतात. बंद कक्षातून वाहणारी हवा चौकटीवर आपटते आणि रेट्याचा काही भाग गिळून टाकते. म्हणून त्याच इंजिनाचा आकडा मोकळ्या मैदानातील चाचणीत एक येतो, बंद कक्षात दुसरा. प्रगत राष्ट्रेही या फरकापुढे नम्र झाली आहेत. १९८०च्या दशकात नाटो देशांच्या वैमानिकी संशोधन यंत्रणेने जे-५७ जातीची दोन इंजिने अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स अशा देशांतील चाचणीकक्षांतून फिरविली. इंजिन तेच असताना प्रत्येक ठिकाणी किती आकडा येतो, हे ताडून पाहणे हा उद्देश. ज्यांनी जगाला इंजिने विकली, त्यांनाही आपला तराजू दुसऱ्याच्या तराजूशी पडताळून पाहावासा वाटला, यातच मोजमापाचे महत्त्व आले.

रेट्यानंतर येते तापमान. दोन भिन्न धातूंच्या तारा टोकाशी जोडून ते टोक तापविले, की त्यांच्या परिपथात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो, असे जर्मन शास्त्रज्ञ सीबेक यांनी १८२१ मध्ये दाखविले. थर्मोकपल हे उपकरण याच तत्त्वावर चालते. निकेलच्या मिश्रधातूंचे थर्मोकपल सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत साथ देते. त्यापलीकडे प्लॅटिनम आणि ऱ्होडियमच्या तारा लागतात. आधुनिक लढाऊ इंजिनात ज्वलनकक्षातून बाहेर पडणारा वायू, ज्या धातूची पाती त्याला तोंड देतात, त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही अधिक तापलेला असतो. पात्याच्या पोटातून आणि त्यावरील बारीक छिद्रांतून खेळविलेली थंड हवा त्याला वाचविते. हे शीतन थोडे कमी पडले आणि पात्याचे तापमान दहा-पंधरा अंशांनी जरी वाढले, तरी त्याचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. तेव्हा दहा अंशांची चूक करणारे मापन हे मापनच नव्हे.

मग फिरणाऱ्या पात्याचे तापमान मोजायचे कसे? तेथे तार कशी लावणार? यासाठी एक विशेष रंग वापरतात. ठरावीक तापमानाला तो आपला वर्ण कायमचा बदलतो. चाचणीनंतर इंजिन उघडून पात्यावर उमटलेले रंगांचे पट्टे वाचले, की कोठे किती ताप पोहोचला होता याचा नकाशाच मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे तापलेल्या पात्यातून निघणाऱ्या किरणांवरून दूरूनच तापमान ओळखणारा पायरोमीटर.

तापापेक्षाही दगाबाज असतो तो कंप. मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेणाऱ्या चक्रावरील लहानशा पात्याला काही टनांचा भार सोसावा लागतो. त्यातच हवेच्या लाटांची आणि पात्याच्या नैसर्गिक कंपनाची लय जुळली, तर पाते काही मिनिटांत थकून तुटते. हा ताण ओळखण्यासाठी पात्यावर काही मिलिमीटर लांबीचे स्ट्रेन गेज चिकटवितात. धातू ताणला गेला की गेजच्या तारेचा विद्युतरोध बदलतो. १९३८च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी स्वतंत्रपणे शोधलेले हे साधन आजही प्रत्येक नव्या इंजिनाच्या पात्यांवर कुशल तंत्रज्ञ तासन्‌तास बसून हाताने बसवितात. फिरणाऱ्या चक्रावरून त्याचा संदेश घासकड्यांतून किंवा छोट्या प्रक्षेपकाद्वारे बाहेर आणला जातो. अलीकडे इंजिनाच्या कवचात बसविलेले संवेदक प्रत्येक पात्याचे टोक त्यांच्यासमोरून नेमके केव्हा गेले याची नोंद करतात. एखादे पाते सेकंदाच्या दशलक्षांश भागाने जरी लवकर किंवा उशिरा आले, तरी ते किती थरथरते आहे, हे त्यावरून काढता येते.

हवेच्या दाबासाठी इंजिनाच्या मुखाशी आठ आऱ्यांचा एक सांगाडा बसवितात. प्रत्येक आऱ्यावर पाच, अशी चाळीस सूक्ष्म तोंडे आत येणाऱ्या हवेचा दाब टिपतात. लढाऊ विमान तीव्र वळण घेते तेव्हा आत येणारी हवा सर्वत्र सारखी राहत नाही, आणि त्या विस्कळीतपणामुळे इंजिन उलटा श्वास टाकून बंद पडू शकते. याखेरीज इंधनाचा प्रवाह, तेलाचा दाब, चक्राची गती, कवचाचा कंप अशा नोंदी वेगळ्याच. विकासाच्या टप्प्यातील एका इंजिनावर अशी शेकडो, प्रसंगी हजाराहून अधिक मापनस्थाने असतात. यातील एखादा संवेदक तुटून आत गेला, तर तोच इंजिनाचा घात करतो. म्हणून संवेदक बसविणे ही स्वतंत्र विद्या आहे. ती पुस्तकातून येत नाही, वर्षानुवर्षे हात बसल्यावर येते.

खोट्या आकड्याची किंमत

मोजमाप चुकले तर काय होते, याचे दारुण उदाहरण वॉशिंग्टनमध्ये १३ जानेवारी १९८२ रोजी घडले. हिमवर्षाव चालू असताना एअर फ्लोरिडा कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाने उड्डाण केले. इंजिनाच्या मुखाशी असलेल्या दाबमापक नळीचे तोंड बर्फाने बंद झाले होते, आणि बर्फ वितळविणारी यंत्रणा वैमानिकांनी सुरू केली नव्हती. इंजिनाच्या मागचा आणि पुढचा दाब यांच्या गुणोत्तरावरून वैमानिकाला शक्तीचा अंदाज येतो. यंत्रावर ते २.०४ दिसत होते, प्रत्यक्षात ते १.७० च्या आसपासच होते. पुरेशी शक्ती न मिळालेले विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळले. ७८ जणांचा बळी गेला. इंजिने शाबूत होती, पण आकडा खोटा होता.

याच्या उलट, खरा आकडा कितीही कडू असला तरी तारक ठरतो. रोल्स-रॉईस कंपनीने आरबी-२११ या इंजिनासाठी कार्बन तंतूंची हलकी पाती बनविली होती. पक्षी धडकल्यास काय होईल हे पाहण्यासाठी मे १९७० मध्ये मेलेली कोंबडी वेगाने त्यांवर फेकली गेली आणि पात्यांच्या ठिकऱ्या उडाल्या. पाती टायटॅनियमची करावी लागली, खर्च हाताबाहेर गेला आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. ब्रिटिश सरकारने ती ताब्यात घेतली, इंजिन पूर्ण केले, आणि त्याच वंशातून पुढे ट्रेंट इंजिनांची मालिका जन्मली. चाचणीकक्षात झालेला पराभव हा पराभव नसतो. आकाशात होणारा पराभव टाळण्यासाठी भरलेली ती किंमत असते. ब्रिटनला हे कळले, कारण तो पराभव त्यांच्याच घरात, त्यांच्याच यंत्रांनी नोंदविला होता.

बंगळूरची हवा आणि आकाशाची उंची

भारतात जेट इंजिनाचे संशोधन करणारी प्रमुख संस्था म्हणजे गॅस टर्बाइन रिसर्च इस्टॅब्लिशमेंट. १९५९ मध्ये कानपुरात सुरू झालेले हे काम १९६१ मध्ये बंगळूरला आले. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी, म्हणून इंजिनाचा रेटाही त्या मानाने कमी भरतो. त्यामुळे तेथे मिळालेला प्रत्येक आकडा समुद्रसपाटीवरील १५ अंश तापमानाच्या आणि १०१३ मिलिबार दाबाच्या प्रमाणित हवेत बदलून घ्यावा लागतो. हे गणित तुलनेने सोपे आहे.

पण लढाऊ विमान जेथे झुंजते ती उंची गणिताने गाठता येत नाही. ११ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांपर्यंत उतरते आणि दाब जमिनीवरील दाबाच्या पाव भागाहूनही कमी होतो. तेथे विझलेले इंजिन पुन्हा पेटते का? एकदम शक्ती मागितली तर कॉम्प्रेसर गुदमरतो का? याची उत्तरे मिळविण्यासाठी दोनच मार्ग. एक, जमिनीवरच तशी विरळ, गार हवा निर्माण करणारा प्रचंड कक्ष. दुसरा, मोठ्या विमानाच्या पंखाखाली नवे इंजिन टांगून खरोखर त्या उंचीवर नेणे.

अशा कक्षाचे मोल काय, हे विजेत्यांनी नेमके ओळखले होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतील म्युनिक येथे बीएमडब्ल्यू कंपनीचा उच्चांश-चाचणीकक्ष होता. युद्ध संपताच अमेरिकेने त्याची यंत्रसामग्री उचलून समुद्रापार नेली आणि टेनेसी राज्यात १९५१ मध्ये उद्घाटन झालेल्या आर्नोल्ड केंद्रात ती वापरली. ब्रिटनने पायस्टॉक येथे आपले केंद्र उभारले. कॉन्कॉर्डच्या इंजिनांची परीक्षा तेथे झाली. फ्रान्सचे केंद्र सॅक्ले येथे आहे, रशियाचे मॉस्कोजवळ. चीनने सिच्वान प्रांतातील डोंगराळ भागात १९६०च्या दशकात असे केंद्र बांधावयास घेतले आणि ते पूर्णत्वास जाण्यास १९९०चे दशक उजाडले. तीस वर्षे! त्या काळात चीनकडे सांगण्यासारखे स्वतःचे आधुनिक लढाऊ इंजिन नव्हते. तरीही त्यांनी आधी तराजू बनविला. आज तो देश आपल्या लढाऊ विमानांना आपली इंजिने बसवितो, त्याचे एक कारण त्या डोंगरात आहे.

मारुत ते कावेरी

भारताने काय केले? १७ जून १९६१ रोजी कुर्त टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बनलेले मारुत हे विमान आकाशात झेपावले. आशियात त्या काळी असे धाडस विरळाच. पण त्याला साजेसे शक्तिमान इंजिन मिळाले नाही. ब्रिटनमधील ज्या इंजिनावर भिस्त होती त्याचा विकास पैशाअभावी थांबला आणि तो खर्च उचलण्यास आपण नकार दिला. इंजिनाच्या शोधात एक मारुत थेट इजिप्तला पाठविले गेले, तेथील इंजिन बसवून पाहिले गेले. त्यातूनही काही साधले नाही. उत्तम बांध्याचे ते विमान अखेरपर्यंत अपुऱ्या शक्तीवर उडत राहिले. १९७१च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्याने जी कामगिरी केली, ती आपल्या वैमानिकांच्या हिमतीची साक्ष आहे.

त्यानंतर १९८९ मध्ये कावेरी इंजिनाला मंजुरी मिळाली. मंजूर रक्कम ३८२.८१ कोटी रुपये, अपेक्षित रेटा ८१ किलोन्यूटन. पहिले पूर्ण इंजिन १९९६ मध्ये जमिनीवर चालले. परंतु उंचीवरील परीक्षेसाठी ते पेटीत घालून रशियाला न्यावे लागले. २००४ मध्ये तेथे अपेक्षित निकाल लागला नाही. २००८ मध्ये तेजस आणि कावेरी यांची फारकत झाली आणि तेजस अमेरिकी एफ-४०४ इंजिनावरच राहिले. नोव्हेंबर २०१० मध्ये रशियातील ग्रोमोव्ह संस्थेत आयएल-७६ विमानाच्या पंखाखाली कावेरी प्रथमच आकाशात गेले आणि पुढील उड्डाणांत १२ किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच आयएल-७६ जातीची विमाने भारतीय वायुदलात १९८५ पासून 'गजराज' या नावाने सेवेत होती. त्यातील एकाचे उडत्या प्रयोगशाळेत रूपांतर करावे, असा निर्णय या पंचवीस वर्षांत झाला नाही. पुढे कावेरीपासूनच मानवरहित विमानासाठी नवे रूप तयार झाले. २०२४च्या अखेरीस उड्डाणचाचणीची वेळ आली, तेव्हा वाट पुन्हा रशियाचीच धरावी लागली.

कावेरीवर दोन हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले आणि हाती काय आले, असा प्रश्न नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालानंतर सर्वत्र विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. जनतेच्या पैशाचा हिशेब द्यावाच लागतो. पण उत्तर शोधताना एक गणित मांडले पाहिजे. घरात चाचणीकक्ष असलेल्या देशात सोमवारी दोष सापडला तर भाग बदलून काही आठवड्यांत इंजिन पुन्हा परीक्षेला उभे राहते. आपल्याकडे परदेशातील केंद्राशी करार, तेथील रिकाम्या वेळेची प्रतीक्षा, इंजिनाची वाहतूक, पथकाचा प्रवास, परत येऊन दुरुस्ती आणि पुन्हा पहिल्यापासून तेच, असा क्रम. जे इतरांना वर्षात शिकता येते ते आपल्याला शिकण्यास अनेक वर्षे लागली. याचा दोष केवळ शास्त्रज्ञांच्या बुद्धीवर टाकणे अन्यायाचे आहे.

परकीयांनी अडवणूक केली, हेही खरे. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि आपल्या संरक्षण संशोधन संस्थांना सुटे भाग व उपकरणे मिळणे दुरापास्त झाले. बोटभर लांबीचा दाबमापकही निर्यात परवान्याशिवाय हलत नाही, हे तेव्हा कळले. पण सर्व खापर परकीयांच्या माथी फोडून चालणार नाही. उच्चांश-कक्ष बांधू नका, असे आपल्याला कोणी सांगितले नव्हते. इंजिनाला पैसा दिला आणि तराजूला दिला नाही, हा निर्णय आपलाच होता.

घरातीलच दोन धडे

असा कक्ष वर्षातील बराच काळ रिकामा राहील, त्यापेक्षा गरजेपुरता परदेशात भाड्याने घ्यावा, असा युक्तिवाद केला जातो. हिशेबाच्या वहीत तो बिनचूक वाटतो. पण त्याचे उत्तर बंगळूरमध्येच आहे. तेथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत १९६७ मध्ये १.२ मीटरचा ट्रायसॉनिक वातबोगदा सुरू झाला. तेव्हा भारताकडे ना स्वतःचा उपग्रह-प्रक्षेपक होता, ना तेजस. डॉ. सतीश धवन यांच्यासारख्या द्रष्ट्यांनी तरीही तो उभारण्याचा आग्रह धरला. पुढच्या अर्धशतकात भारतीय प्रक्षेपकांच्या आणि तेजसच्या प्रतिकृती त्याच बोगद्यात तपासल्या गेल्या. वातबोगदा आधी आला, रॉकेट मागून आले.

दुसरा धडा इस्रोचा. फ्रान्सच्या सहकार्यातून घडलेल्या विकास इंजिनाची पहिली चाचणी १९८५ मध्ये फ्रान्समध्येच घ्यावी लागली, कारण तशी सोय भारतात नव्हती. इस्रोने ती स्थिती स्वीकारली नाही. तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे स्वतःचे चाचणीमंच उभारले. मुंबईच्या विक्रोळीतील गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिने बनू लागली आणि महेंद्रगिरीत त्यांची परीक्षा होऊ लागली. १९९३ मध्ये क्रायोजेनिक तंत्रज्ञान नाकारले गेल्यावरही हाच मार्ग कामी आला. एप्रिल २०१० मध्ये स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह निघालेला जीएसएलव्ही अयशस्वी ठरला. त्यानंतर इस्रोने इंजिनाचे निर्वातातील प्रज्वलन जमिनीवरच तपासता येईल अशी व्यवस्था महेंद्रगिरीत वापरली आणि ५ जानेवारी २०१४ रोजी यश खेचून आणले. एकाच देशातील, एकाच परंपरेत शिकलेले अभियंते. एका संस्थेच्या हाती स्वतःचे चाचणीकेंद्र होते, दुसरीला परक्याच्या दारात रांग लावावी लागली. दोन निकालांतील अंतरात या फरकाचा वाटा मोठा आहे.

करारात काय हवे?

तेव्हा आता सॅफ्रान असो वा अन्य कोणी, भागीदारी करताना काही गोष्टी लेखी पदरात पाडून घेतल्या पाहिजेत. पहिली, उच्चांश-चाचणीकक्ष आणि उडती प्रयोगशाळा भारताच्या भूमीवर उभी राहावी, आणि तिचे वेळापत्रक इंजिनाच्या वेळापत्रकाच्या आधीचे असावे. इंजिन तयार होऊन कक्षाची वाट पाहत बसले, तर कावेरीचीच पुनरावृत्ती होईल.

दुसरी गोष्ट नोंदींची. चाचणीअंती 'उत्तीर्ण' असा शेरा असलेला अहवाल मिळणे वेगळे आणि प्रत्येक संवेदकाने प्रत्येक क्षणी टिपलेल्या कच्च्या नोंदी मिळणे वेगळे. अहवालात निष्कर्ष असतो, नोंदींत ज्ञान असते. पाते का तुटले, हे नोंदी सांगतात. पुढच्या पिढीचे इंजिन त्याच नोंदींतून जन्म घेते. त्यांच्यावर भारताचा निर्विवाद हक्क असला पाहिजे. हस्तांतरणाची टक्केवारी ऐंशी की शंभर, या वादापेक्षा हे कलम अधिक मोलाचे आहे.

तिसरी गोष्ट संवेदकांची. पुणे-नाशिक परिसरात तापमान, दाब आणि प्रवाह मोजणारी औद्योगिक उपकरणे बनविणारे कारखाने आहेत. उपकरणशास्त्राच्या पदव्या देणारी महाविद्यालये आहेत. पण हजार अंशांवर तग धरणारा, इंजिनात बसविण्यायोग्य संवेदक बनवायचा तर वर्षाला मागणी काही शेकड्यांची आणि प्रमाणीकरणाचा खर्च अफाट. असा धंदा कोणताही लघुउद्योजक केवळ देशप्रेमापोटी करू शकत नाही. शासनाने दहा-पंधरा वर्षांची खरेदीची हमी दिली, तरच तो पुढे येईल. आणि या विषयातील पदवीधराला संगणक कंपनीत जाऊन पोट भरण्याची वेळ येणार नाही.

चौथी गोष्ट पैशाने विकत मिळत नाही. ती म्हणजे अपयश पचविण्याची वृत्ती. चाचणीत पाते तुटले की दुसऱ्या दिवशी 'स्वदेशी इंजिन फसले' असा मथळा छापणे सोपे असते. अशा मथळ्यांच्या धास्तीने संस्था सावध होतात, इंजिनाला त्याच्या मर्यादेपर्यंत ताणण्यास कचरतात आणि मापनयंत्रांना अप्रिय सत्य सांगण्याची संधीच मिळत नाही. स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आपल्या वस्तूचे गोडवे गाणे म्हणजे स्वदेशी नव्हे. आपल्या वस्तूला जगातील सर्वांत कठोर कसोटी लावण्याचे धैर्य, ही खरी स्वदेशीची खूण.

ही वृत्ती या भूमीला परकी नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात वजने-मापे यांच्यावर देखरेख करणारा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. राज्याचे मोजमाप राज्याच्याच हाती असावे, हे त्याला उमगले होते. अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंहांनी युरोपातून आलेली ग्रहगणिताची कोष्टके डोळे झाकून स्वीकारली नाहीत आणि देशी कोष्टकांनाही सवलत दिली नाही. धातूची लहान यंत्रे झिजतात, हलतात, म्हणून त्यांनी दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे उभारली, आकाश स्वतः मोजले आणि परदेशी कोष्टकांतील चुका दाखवून दिल्या. जयपूरचे सम्राट यंत्र आजही उभे आहे. पर्यटक त्याच्यासमोर छायाचित्रे काढतात. ते का बांधले गेले, याचा विचार करणारे थोडे.

लाल किल्ल्यावरून झालेले आवाहन देशाच्या मनातले होते. ते प्रत्यक्षात येण्यास दहा वर्षे लागोत वा पंधरा, त्याची सुरुवात इंजिनाच्या पहिल्या पात्यापासून होणार नाही. ती एका जाड भिंतींच्या कक्षात, लवचीक पट्ट्यांवर तोललेल्या एका चौकटीपासून होईल. त्या चौकटीवर येणारा आकडा कितीही लाजविणारा असला, तरी तो आपल्या यंत्रांनी मोजलेला आणि आपल्या माणसांनी वाचलेला असावा. मग त्यावर उभे राहणारे इंजिन आपोआपच आपले असेल.